भर दुपारची दिवेलागण

सोमवारी दुपारी फोन वाजला, ‘साखर उतरते आहे.’ सुलभाताईंचा हात कपाळाकडे गेला. त्यांची टिकली ग्राफिनची होती, अणूएवढ्या पातळ थराची, आणि ती घामातली साखर मोजायची. तिच्या भरवशावरच डॉक्टरांनी त्यांना सोमवार करू दिले होते. एकदा जरी साखर उतरली तरी उपास कायमचा बंद, असं ठरलं होतं.

“महादेवा, दिवेलागणीपर्यंत सांभाळ रे,” त्या पुटपुटल्या. पण त्यांना तर बरं वाटत होतं. चष्मा लावून त्यांनी पुन्हा वाचलं. निरोप टिकलीचा नव्हता, त्यांच्या यजमानांच्या, विद्याधररावांच्या मनगटावरच्या पट्टीचा होता.

विद्याधरराव झोपाळ्यावर घामाघूम बसले होते.

“अहो, मी देवळात गेले तेव्हा ताट वाढून ठेवलं होतं ना? जेवलात?”

“जेवलो की.”

“घाम चुगली करतोय तुमचा!”

ते ओशाळले. “तू उपाशी असताना घास उतरत नाही गं. सोमवारचं ताट गाईला घालतो. आज साखर उतरवायची गोळी मात्र चुकून घेतली.”

“तरीच मेली दर सोमवारी फाटकाशी उभी असते!”

त्यांनी गूळपाणी पुढे केलं. विद्याधररावांनी पेला धरला, पण ओठाला लावेनात. “तू उपास सोडशील तेव्हाच.”

सुलभाताई देवघरात गेल्या. भर उन्हात त्यांनी समई लावली आणि हात जोडले.

“महादेवा, आज आमच्याकडे दिवेलागण जरा लवकर झाली बघ.”

मग त्यांनी दोन पानं वाढली.