खतीजाचं गाणं

गाडी दुबईत ड्रॅगन मार्टच्या सिग्नलला थांबली आणि रिझवानला रेडिओवर आपल्या आईचं गाणं ऐकू आलं.

"पल्याडच्या दिव्या, विझू नको रं..."

चाल जलद केली होती, मागे ढोल-गिटारचा धिंगाणा होता. पण शब्द तेच. दापोलीकडे खाडीकाठच्या घरात मासळी साफ करताना अम्मा हेच म्हणायची. गावात दुसऱ्या कुणाला ते येत नव्हतं. शेजारणी त्याला खतीजाचं गाणंच म्हणायच्या.

"पप्पा, इट्स नंबर वन!" मागून माहनूर ओरडली. "ईशानी इज कमिंग टू अबुधाबी धिस सॅटर्डे!"

"ईशानी कोण? हे दादीचं आहे!"

इंटरनॅशनल सिटीतल्या फ्लॅटवर पोचताच त्याने अम्माला मोबाइलवर गाणं ऐकवलं. तिने ते शेवटपर्यंत ऐकलं आणि पुन्हा तांदूळ निवडायला घेतले.

"चोरलंय, अम्मा. तुझं नाव कुठेच नाही."

"नसू दे."

"असं कसं?"

"पोरगी बरी गाते. खलास."

रिझवानला काही उमगेना. बिर्याणीला कुणी नावं ठेवली तर तीन दिवस अबोला धरणारी ही बाई, आणि आज नसू दे?

शनिवारी दुपारी तो एकटाच अबुधाबीला गेला. हॉलच्या मागच्या दाराशी दोन तास उभा राहिल्यावर ईशानी भेटली. पंचविशीची, साधी मुलगी. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

"अंकल, हे माझ्या आजोबांच्या वहीत सापडलं. ते तुमच्याच बाजूचे. खाडीपलीकडच्या गावात मास्तर होते."

"मग अम्माकडूनच ऐकलं असणार! रचलंय तिने."

ईशानीने मान डोलावली. "असेलही. माझं आहे असं ते कधीच म्हणाले नाहीत. आज स्टेजवरून तुमच्या आईंचं नाव घेते. त्यांना बोलावून घ्या ना."

इतक्या सहज? रिझवान तर भांडायचं ठरवून आला होता. त्याने तिथूनच घरी फोन लावला.

"अम्मा, ती तुझं नाव घेणार आहे! यल्ला, चल लवकर, माहनूरला घेऊन टॅक्सीत बस."

पलीकडून अम्माने भलतंच विचारलं.

"मास्तर आहेत का रे अजून?"

रिझवान गोंधळला. मास्तरांचं तर त्याने अजून काही सांगितलंच नव्हतं. फोनवर हात ठेवून त्याने ईशानीला विचारलं.

"गेल्या वर्षी गेले म्हणे," तो फोनवर म्हणाला. "पण त्याचं काय, अम्मा? तुझं गाणं तुझ्या नावावर व्हायला नको?"

"नको करू, बाबा," अम्मा म्हणाली. "ते मी रचलेलं नाही. माझ्यावर रचलेलं आहे."