यादीतलं शेवटचं घर

बोटीवरून उतरताच आरोग्य अधिकारी शमीमबाईंनी रघुवीर तांडेलच्या दंडात लस टोचली आणि हातात घरांची यादी दिली. पूर्वी साथ आली की खलाशांना गावाबाहेर ठेवत. ही नवी लस मात्र एकाला टोचली की त्याच्या श्वासातून इतरांना मिळे. म्हणून आता बंदराचा नियमच उलटा होता: खलाशाने आठवडाभरात यादीतल्या प्रत्येक घरी तासभर बसायचं.

"शेवटचं घर गाळलं तर?" रघुवीरने विचारलं. "थोरल्या भावाचं आहे. होडीच्या वाटणीपासून अकरा वर्षं बोलणं नाही."

"साथीला तुमची भाऊबंदकी कळत नाही," बाई फटकन म्हणाल्या.

सातव्या दिवशी तो भावाच्या, केशवच्या, ओटीवर जाऊन बसला. शेवटी वहिनीनेच आत बोलावून पाट मांडला आणि बांगड्याचं तिखलं वाढलं, त्याला आवडतं तसं, तिरफळं घालून. केशव शेजारी, ताटावरून नजर न उचलता, जेवत होता.

हात धुऊन रघुवीर म्हणाला, "निघतो, दादा. तास होऊन गेला."

केशवने भिंतीवरच्या टिकटिकणाऱ्या घड्याळाकडे पाहिलं.

"ते बंद आहे," तो म्हणाला. "बस."