दोन दणके

विमानतळावर बाहेरून येणारं लाकूडसामान तपासणाऱ्या साहेबांची रीत साधी होती. टेबलावर पांढरा कागद पसरायचा आणि वस्तू त्यावर दोनदा दणकून आपटायची. भुसा पडला की आत कीड आहे असं समजायचं आणि वस्तू सरळ भट्टीत. कीड देशात शिरता कामा नये! या कामगिरीबद्दल वरच्यांनी त्यांना प्रशस्तिपत्र दिलं, तेही नक्षीदार लाकडी चौकटीत. साहेबांनी ते टेबलाच्या बरोब्बर वर भिंतीला लावलं. तेव्हापासून त्यांचा हात असा काही बसला, की दोन महिन्यांत एकही वस्तू सुटली नाही.

त्या दिवशी लेकीकडे आलेल्या एका आजींच्या काठीची पाळी आली. दोन दणके बसले आणि कागदावर भुसा पडला.

“अहो, चाळीस वर्षं वापरतेय. माझ्या हाडांपेक्षा धड आहे ती!”

“कीड काय तुम्हाला सांगून लागते, आजी?”

काठी भट्टीत गेली. आजी भिंतीला धरधरून, पाय ओढत बाहेर पडल्या. साहेबांनी नवा कोरा कागद पसरला आणि शेजारी ठेवलेल्या आजींच्या फॉर्मवर शिक्का हाणला.

कोऱ्या कागदावर भुसा पडला.

साहेबांनी हळूच मान वर केली. प्रशस्तिपत्राच्या चौकटीची किडीने पार चाळण केली होती.

“साहेब, पुढची वस्तू आणू?” शिपायाने दारातून विचारलं.

साहेबांनी कागद झटकला. रुमालाने प्रशस्तिपत्रावरची काच पुसली, चौकट जरा सरळ केली आणि म्हणाले, “आण.”