रस्ता नसलेलं स्थळ

पिवळ्या टी-शर्टातल्या पोरीने यशवंतअण्णांच्या हातात सोललेलं संत्रं ठेवलं आणि टाळ्या वाजवल्या.

"शाब्बास काका! थोडंच राहिलंय!"

अण्णांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. म्हणजे टाळ्या त्यांनाच होत्या. इतकी वर्षं रामनगरात पत्रे आणि खिळे विकले, पण त्यासाठी कधी कुणी टाळी वाजवली नव्हती.

अण्णा मुलीसाठी घर बघायला निघाले होते. रक्षाने आपला होकार शिवानंदला जोयड्याच्या बसस्टँडवर परस्परच देऊन टाकला होता. राहिला होता तो बापाचा. बापाची अट एकच होती, घरापर्यंत रस्ता पाहिजे. शिवानंदचं घर नंदिगड्डेच्या पुढे, जंगलात. जीप थांबते तिथून पुढे पायवाट. आजवर त्याचं घर बघायला आलेले सगळे पाहुणे तिथूनच जीप वळवून, शिवानंदचं तोंडसुद्धा न बघता परत गेले होते.

अण्णाही वळले असते. पण सोबत मेहुणा होता, भिकाजी. भिकाजीने आधी पायवाटेकडे बघितलं, मग अण्णांच्या गुडघ्यांकडे.

"दाजी, पोरगीचं ऱ्हाऊद्या. तुमाला तरी जमतंय काय तिथवर?" असं म्हणून त्याने जीपची काच वर घेतली.

अण्णा चालायला लागले.

पुढची व्यवस्था मात्र चोख होती. वाट चुकू नये म्हणून झाडाझाडाला लाल फिती बांधल्या होत्या. चढ संपला की टेबल, टेबलावर केळी, पाणी, गूळ. एकाने चिमूटभर मीठ दिलं. ते जळवांसाठी असणार म्हणून अण्णांनी पायांना चोळलं. दुसऱ्याने वाकून त्यांच्या दोन्ही गुडघ्यांवर थंडगार काहीतरी फवारलं. पाहुण्यांवर अत्तर मारतात हे अण्णांना ठाऊक होतं. गुडघ्यांवर मारतात हे नवीन होतं, पण आराम पडला.

अधूनमधून बाजूने माणसं धावत पुढे जात होती. पाहुणे आल्याची वर्दी द्यायला निघालेली असणार. इतकी घाई की सगळे अर्ध्या चड्डीवरच निघाले होते. प्रत्येकाच्या छातीवर नंबर होता. एकत्र कुटुंब मोठं दिसत होतं.

शेवटच्या वळणावर फुग्यांची कमान लागली. ढोल वाजला. कर्ण्यावरून कुणीतरी ओरडलं, "काकांसाठी जोरदार टाळ्या!" आणि घामाघूम होऊन जंगलातून बाहेर येईल त्याच्या गळ्यात पदक घालायचं काम ज्या पोराला दिलं होतं, त्याने ते अण्णांच्या गळ्यात घातलं.

समोरच शिवानंदचं घर होतं. शर्यतीचा शेवट त्यांच्याच खळ्यात ठेवला होता, कारण आसपास सपाट जागा तेवढीच. पाहुण्यांना बोलवायला आजचीच तारीख शिवानंदच्या काकाने, महाबळेश्वरने, मुद्दाम काढली होती. शिवानंदला सकाळपासून एकच काम दिलं होतं. तोंड उघडायचं नाही.

अण्णा खुर्चीत बसले. डोळे पुसले. "एवढं कशाला केलंसा हो?"

"पावण्यांसाठी एवढंबी न्हाई करायचं व्हय?" महाबळेश्वर म्हणाला.

शिवानंदने अण्णांच्या गळ्यातल्या पदकाकडे बघितलं. मग रक्षा आठवली. मग तोंड उघडलं.

"मामा, ह्यातलं तुमच्यासाठी कायबी न्हाई. ही पळायची शर्यत हाय. हितं रस्ता न्हाई, म्हणून तर हितं ठेवलीया."

महाबळेश्वरने त्याच्या पायावर पाय दिला, पण वाक्य संपलं होतं.

अण्णांनी इकडेतिकडे बघितलं. खळ्याच्या कडेला गवतावर एक माणूस पाय आभाळाकडे करून पडला होता आणि हसत होता.

"त्याला काय झालंय?"

"बेंगळूरचा हाय. डाक्टर. पळून आलाय."

"कुणी लावलं पळायला?"

"कुणी न्हाई. पैसे भरून आलाय."

"ह्या वाटंनं पळायला?"

"व्हय. रस्ता असता तर आला नसता, म्हणतोय."

अण्णांनी पदक उलटं करून बघितलं, सुलटं करून बघितलं. महाबळेश्वर त्यांच्या परतीसाठी कुणाला सोबत द्यावं याचा विचार करू लागला.

"मी कितवा?" अण्णांनी विचारलं.

शिवानंद घड्याळवाल्याकडे जाऊन आला. "नंबर न्हाई तुमाला, तवा धरत न्हाईत. धरलं असतं तर साठीच्या वरच्यांत पयले."

अण्णांची मान ताठ झाली.

"साठीच्या वरचं दुसरं कोन न्हवतंच," शिवानंद म्हणाला.

"ते कुणी इचारलं हुतं तुला?" महाबळेश्वर ओरडला, आणि हातातला शेवटचा पत्ता टाकला. "पावणं, त्याचं सोडा. रस्ता मंजूर झालाय. उन्हाळ्यात डांबर पडंल. जीप थेट हितं, तुमच्या खुर्चीपतोर!"

अण्णा दचकले. त्यांनी महाबळेश्वरकडे बघितलंच नाही. शिवानंदला विचारलं, "खरं काय रे?"

"खरं हाय, मामा. खडी येऊन पडलीया."

अण्णांनी पदक शर्टाच्या बाहेर नीट काढून ठेवलं आणि उठून उभे राहिले.

"मग त्याच्या आत लग्न उरका. आमच्या भिकाजीला चालवत आणायचाय."