मगरीचं कुंपण

मिठी नदीच्या काठी मगरीने अंडी घातली, की कुत्र्यांपासून राखायला काट्यांचं कुंपण आमचंच घराणं घालतं. मगरी मोजायला आलेली पोरगी वाळू उकरताच नाचायला लागली. "आजी, बावीस अंडी! मगरी वाढणार!" "थांब गं, शहाणे. मोबाईलची बॅटरी लाव." पदराच्या आडोशाला मी एकेक अंडं उजेडावर धरलं. कोंबड्या पाळण्यात जन्म गेला माझा. भरलेलं अंडं मला कळतं. बावीसच्या बावीस आरपार दिसली, आत जीवच नाही. "कोंबड्याशिवायही कोंबडी अंडी घालते, बाय. शेवटचा नर गेल्या पावसाळ्यात जाळ्यात अडकून मेला." मोजणीच्या कागदावर पोरीचं पेन थांबलं. "मग कुंपण काढायचं?" समोर पाण्यात मगरीचे डोळे वर आले होते, आमच्यावरच रोखलेले. मी अंडी पुन्हा पुरली, करवंदीच्या काट्या घट्ट रोवल्या. "तिला काय सांगू? जा, तूच सांग, तुझ्याकडे कागद आहे."