जळकी वायर

फ्लाइंग क्लबात सावनी आज पहिल्यांदाच एकटी विमान उडवणार होती. तासभर आधी इंजिनिअर प्रेरणानं देखभालीची वही चाळली. ‘बॅटरीची जळकी वायर बदलली,’ अशी मेकॅनिक गोकुळरावांची नोंद होती. पण विमानात त्या वायरीवरच्या झाकणाचे स्क्रू जुन्या रंगानं जाम बसलेले होते. ते झाकण कोणी उघडलेलंच नव्हतं.

“गोकुळराव, वायर खरंच बदलली?”

त्यांनी नजर चुकवली. “नाय मॅडम. वायर येणार म्हणून नोंद आधीच केली. ती आलीच नाय, अन् मी पाचोडला लग्नाला गेलो.”

“पोरीचा जीव गेला असता! आजच तक्रार करते तुमची.”

“करा. लई मोठी चूक झाली माझी. पण पान उलटून बघा.”

मागं लिहिलं होतं, ‘काम प्रत्यक्ष तपासलं.’ खाली सही प्रेरणाची होती. घाईत, न बघता केलेली.

तिनं आधी सावनीचं उड्डाण थांबवलं. मग तक्रारीच्या कागदावर दोन नावं लिहिली. पहिलं स्वतःचं.