घरभेट

“नुसता खोकला लिहा ना,” बारीकताई म्हणाली. “तीनच आठवडे, मग काय ते लिहा.”

“खोकल्याचा फॉर्म नसतो, ताई. क्षयाचा असतो.” डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढला. “आणि तो मला आजच्या आज आरोग्य कचेरीत पाठवावा लागतो. नाही कळवलं तर गुन्हा माझ्यावर.”

बारीकताई चष्म्याच्या काचा घासायची. वीस वर्षं झाली. तिच्या हातची काच अशी उतरायची, की बोट लावल्याशिवाय ती आहे हे कळू नये. म्हणून कारखान्यात सगळे तिला बारीकताई म्हणत. गेल्या चार महिन्यांत ती अंगानेही नावाला शोभू लागली होती.

खोकला काचेच्या भुकटीमुळे येतो, असं तिनं स्वतःला आणि लेकीला पटवलं होतं. संध्याकाळी पाचच्या सुमारास अंगात कसकस भरायची, आणि अर्धवट घासलेल्या काचेतून दिसावं तसं सगळं मऊ, दुधी होऊन जायचं. समोरच्या गच्चीवरचे कपडे हळूहळू पोहू लागायचे. खरं सांगायचं तर तिला ती वेळ आवडायचीही. त्या वेळी कशाचीच भीती वाटत नसे.

भीती सकाळी वाटायची.

लेक शाळेत चित्रकला शिकवत होती. मुलगा तिनंच पसंत केला होता. तीन आठवड्यांनी, रविवारी चार वाजता, तो आणि त्याची आई पहिल्यांदाच घरी येणार होते.

“त्याच्या आई जरा कडक आहेत म्हणे,” लेक हसत म्हणाली होती. “बाहेरून आलं की कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय पाणीही देत नाहीत. घरात कुणी शिंकलं तरी कपाळाला आठी.”

बारीकताईनं तेव्हा खोकला पदरात दाबला होता.

दुसऱ्या दिवशी ती आरोग्य कचेरीत गेली. लांबट, शांत खोली होती. पंख्याच्या वाऱ्यानं कागदांची टोकं वर-खाली होत होती, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी. नोंदणीच्या टेबलामागे साधारण तिच्याच वयाची एक बाई बसली होती. तिच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर चरे पडले होते. बारीकताईचं लक्ष आधी तिकडेच गेलं.

“माझा कागद काल आला असेल. थोडे दिवस खाली ठेवता येईल का?”

“खाली म्हणजे?”

“ढिगाच्या तळाशी. कचेरीत कागद महिनोन्‌महिने सापडत नाहीत म्हणतात.”

बाई हसली. “सापडत नाहीत खरे. नेमके हेच सापडतात बघा.” तिनं फॉर्म काढला. “घरी कोण कोण?”

“मी आणि लेक.”

“तिचीही तपासणी करावी लागेल. नाव?”

बारीकताईनं नाव सांगितलं.

“काय करते?”

“शाळेत चित्रकला शिकवते.” आणि मग तिचा धीर सुटला. “बाई, तिचं लग्न ठरतंय हो. पाहुणे यायचेत. मुलाच्या आईला कळलं तर उंबऱ्यावरूनच परत जाईल.”

पेन थांबलं.

“असं कोण म्हणालं?”

“कुणी म्हणायला कशाला हवं? मीसुद्धा गेले असते.”

बाईनं चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

“गोळ्या आजपासून सुरू करा,” ती म्हणाली. “तीन आठवड्यांत दुसऱ्याला लागण होण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. पण सोडायच्या नाहीत, सहा महिने एकही चुकवायची नाही. नाव या खोलीबाहेर जात नाही. मी घरीसुद्धा बोलत नाही. आणि एकदा तुमच्याकडे भेट द्यावी लागते. नियम आहे.”

“केव्हा?”

“येऊ. नक्की येऊ.”

बारीकताई बाहेर पडली, तेव्हा ते शब्द तिला पाण्याखालून ऐकू आल्यासारखे वाटत होते.

तिनं गोळ्या सुरू केल्या. लेकीची तपासणी झाली. काही निघालं नाही. रात्री लेक म्हणाली, “मी त्याला सांगून टाकते.”

“आधी होकार येऊ दे.”

“म्हणजे फसवायचं?”

बारीकताईनं कूस बदलली.

जिन्यात पाऊल वाजलं की ती दाराशी जाऊन उभी राहायची. एक आठवडा गेला, दुसरा गेला. कचेरीतून कुणी फिरकलं नाही. ताप उतरला, आणि पाचची ती दुधी वेळही गेली. आता संध्याकाळीसुद्धा सगळ्याच्या कडा लख्ख दिसत होत्या.

रविवारी तिनं सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. टेबलावर धुतलेली चादर घातली. लेक आत केस विंचरत होती. साडेतीनला बेल वाजली.

दारात नोंदणीवाली बाई उभी होती.

बारीकताई बाहेर आली आणि तिनं दार मागे ओढून घेतलं. “आज? अहो, सांगितलं होतं ना मी! पाया पडते तुमच्या. उद्या या, गाद्या उलटवून बघा, काय हवं ते विचारा. पण आत्ता जा. ती बाई येईलच इतक्यात. आजाराचं नाव काढलं तरी आठ्या घालते म्हणे, तिनं तुम्हाला इथं पाहिलं तर...”

खालच्या जिन्यात पावलं वाजली. कुणीतरी दोन-दोन पायऱ्या चढत येत होतं.

बारीकताईनं डोळे मिटले. ताप नव्हता, तरी भिंती किंचित तरंगल्या.

“मुद्दाम त्याला कोपऱ्यावर फुलं आणायला पाठवलं होतं, तो आलाच,” बाई घाईनं कुजबुजली. “माझ्या मुलासमोर आपण पहिल्यांदाच भेटतोय हं, विहीणबाई.”